सारसोळ्यातलं ग्वाटेमाला

सारसोळ्याला खाडीच्या कडेने आता एक लांबलचक, गुळगुळीत रस्ता झालाय. पेव्हर ब्लॉक, मधूनमधून सिमेंटची बाकं, बाकांवर कुणाकुणाच्या स्मरणार्थ पाट्या. सकाळी सातला अर्धं नेरूळ तिथे हात हलवत चालत असतं. मीही चालते, गुडघ्यांसाठी. परवा वाऱ्याबरोबर सुकत्या बोंबलांचा वास आला. खारट, उन्हात भाजलेला, थोडासा कुबट. माझ्यापुढे चालणाऱ्या गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला आणि बायकोला म्हणाले, "सोसायटीतर्फे एक कम्प्लेंट टाकायला पाहिजे."

मला त्या माणसाची किळस आली. दहाएक पावलं ती चांगली टिकली. मग आठवलं की आपल्याला ती चैन परवडणारी नाही. ते ज्या फरशीवरून चालत होते, ती तिथे यायला माझा हातभार लागलेला आहे. माझं अक्षर लागलेलं आहे.

नव्वदीचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि मी एम. ए. करत होते. विषय उपयोजित मानवशास्त्र. उपयोजित म्हणजे लोकांचा अभ्यास करून तो लोकांच्याच उपयोगी आणायचा, असं पहिल्याच तासाला सांगितलं गेलं. कोणत्या लोकांच्या, ते सांगायचं राहून गेलं.

आमचे सर ग्वाटेमालाला कित्येक वर्षं राहून आले होते. तिथल्या डोंगराळ भागात माया लोकांची गावं आहेत. त्या गावांत विकासाच्या योजना कशा रुजवायच्या, हे सरांनी तिथे शिकून घेतलं होतं आणि आता ते आम्हाला शिकवत होते. वर्गाचे पडदे ओढले जायचे. स्लाइड प्रोजेक्टर घरघरायला लागला की तापलेल्या धुळीचा एक वास सुटायचा आणि खट्‌ आवाज करून भिंतीवर डोंगर उभा राहायचा. मग खट्‌, धुक्यातली पायवाट. खट्‌, छपराखाली झुबक्यांनी टांगलेली मक्याची कणसं, पिवळी, जांभळी, काळी. खट्‌, कंबरेला माग बांधून जमिनीवर बसलेली बाई, अंगात लाल-निळ्या नक्षीचा झंपर, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. मला त्या स्लाइड्स फार आवडायच्या, हे कबूल केलं पाहिजे. त्या अंधारात मी त्या बाईच्या प्रेमात पडले होते. ती कधीच काही बोलायची नाही, ही तिची मोठी सोय होती.

"माझ्या गावात," असं सर म्हणायचे. सरांचं मूळ गाव सांगलीकडे होतं. तिथे ते वर्षानुवर्षं गेले नव्हते. माझं गाव म्हणजे ग्वाटेमालातलं. खांद्याला कायम तिथली विणलेली झोळी, रंगीबेरंगी, गोंडे लावलेली. बसच्या स्टॉपवरही ती झोळी लोकांच्या लक्षात यावी अशी ते उभे राहायचे.

त्या वर्षी शहर बसवणाऱ्या एका कचेरीला खाडीकाठच्या जुन्या गावांचा अभ्यास करून हवा होता. कुठे काय बांधता येईल, कुणाचं काय अडेल, असला. सरांनी तो घेतला आणि आमच्यात गावं वाटली. कुणाला घणसोली, कुणाला बोनकोडे. मी नेरूळच्या नव्या बिल्डिंगमध्ये राहायचे म्हणून मला सारसोळे. आमच्या गॅलरीतून चालत पंधरा मिनिटांवर. तिथे राहायला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली होती आणि मी त्या गावात एकदाही पाऊल टाकलं नव्हतं. आई म्हणाली, "तिथे कशाला जायचंय तुला? मासेवाली दारावर येते की." ग्वाटेमाला मला जास्त ओळखीचं होतं.

प्रश्नावलीही तिथलीच होती. स्पॅनिशमधून सरांनी ती इंग्रजीत आणली होती, इंग्रजीतून मी मराठीत. मका असेल तिथे मासळी घालायची, शेत असेल तिथे खाडी. मी व्हाइटनरने बसून सगळं घातलं. एका ठिकाणी राहिलं. त्यामुळे सारसोळ्यातल्या पहिल्या दिवशी, पहिल्या घरात, पदर सावरून बसलेल्या बाईला मी गंभीर चेहऱ्याने विचारलं, "तुमच्या मक्याच्या शेतापर्यंत पोचायला घरापासून किती वेळ चालावं लागतं?"

ती बाई माझ्याकडे बघत राहिली. मग ओट्यावर जाळं विणत बसलेल्या नवऱ्याला ओरडून म्हणाली, "आवो, ऐकलाव का? आपला मक्याचा शेत हाय!" आणि हसत सुटली. हसताना तिच्या नाकातली मोठी नथनी हलत होती. आवाज ऐकून शेजारच्या दोघीजणी आल्या, त्यांना तिने प्रश्न पुन्हा सांगितला, मग त्याही हसल्या. मी वहीत लिहिलं, 'प्रतिसादकर्ती सहकार्यास तयार.'

तिचं नाव हिराबाई. पंचेचाळिशीची असेल. काष्ट्याचं लुगडं, कोपरापर्यंत गोंदलेले हात, बोलणं असं की वादळातही होडीपर्यंत पोचावं. तिने मला त्या दिवशी चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. मी दीड वर्षं जात राहिले.

त्या दीड वर्षाचं मला काय काय आठवतं. निळी चुन्याची भिंत, हात लावला की रंग बोटाला यायचा. दारात उलटी ठेवलेली टोपली, तिच्यावर बसलेली मांजर. दुपारी सगळं गाव पेंगायचं तेव्हा फक्त जाळ्याच्या सुईची सरसर ऐकू यायची. वाळवणीच्या जागेवर बांबूंच्या आडव्या रांगांवर बोंबील एकमेकांच्या जबड्यांत जबडे अडकवून लटकलेले, वाऱ्याने हलायचे तेव्हा कोरड्या पानांसारखे वाजायचे. जमिनीवर जवळ्याचा, त्या बारीक कोळंबीचा, गुलाबी थर. त्या जागेच्या टोकाला खाडीत उतरायची वाट होती, आणि वाटेच्या तोंडाशी शेंदूर फासलेला एक दगड. उतरताना बायका त्याला नुसता हात लावायच्या, स्विच दाबल्यासारखा, बोलणं न थांबवता.

हिराबाई मला दोनदा चिखलात घेऊन गेली. ओहोटीला ती सुकती म्हणायची. "सुकती लागली, चल." पहाटेचा चिखल पोटरीपर्यंत गार, त्याखाली अजून गार. ती वाकून बिळात हात घालायची, खांद्यापर्यंत, गाल चिखलाला टेकेपर्यंत, आणि चिंबोरी बाहेर काढायची ती नांग्या मिटवूनच. मी घातला तेव्हा मला चावली. हिराबाईने माझं बोट आपल्या तोंडात धरून रक्त थांबवलं आणि थुंकून म्हणाली, "आता तू आमची झालीस." मी ते वाक्य घरी येऊन वहीत उतरवलं, पुढे कंसात 'नातेसंबंध प्रस्थापित' असं लिहिलं, आणि सरांनी त्याखाली लाल शाईने 'उत्तम' असा शेरा दिला. त्या शेऱ्याने मला त्या रात्री झोप आली नाही, इतकी मी खूश होते. बावीस वर्षांची घोडी.

मग चूल आली. मातीची, बिनधुराची, दोन भोकांची, मागे नळकांडं. सरांनी ती ग्वाटेमालातल्या घरोघरी बसवली होती आणि अहवालात गावासाठी काहीतरी दिलेलंही दिसायला हवं होतं. हिराबाईच्या घरात पहिली बसली. सर स्वतः आले, झोळी सांभाळत चिखल कालवला, बायका तोंडाला पदर लावून बघत होत्या. झोळीवाला मास्तर, हे नाव त्यांना त्या दिवशी पडलं. चूल देखणी झाली. तिच्या भोकावर हिराबाईचा कालवणाचा टोप बसेना. धूर नाही म्हणून वर टांगलेल्या सुकटीला कीड लागली आणि संध्याकाळी डास घरात मावेनात. दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर जुनी चूल परसात पेटली होती आणि नव्या चुलीत कोंबडी अंड्यावर बसली होती.

"सरांना सांगू नको हां," हिराबाई म्हणाली. "बिचाऱ्यानं किती लांबशी आनली."

सर फोटो काढायला आले त्या दिवशी तिने कोंबडी हाकलली, चूल सारवली आणि वर चहाचं आधण ठेवलं. सरांनी विचारलं, चूल कशी वाटते? "लई बेस," हिराबाई म्हणाली. सरांनी माझ्याकडे वळून हळूच म्हटलं, "बघितलंस? अगदी माझ्या गावासारखंच." आता वाटतं, खरं बोलले होते.

त्या बायका आपल्याशी खरं कधी बोलतात आणि पाहुण्याचा मान राखायला कधी बोलतात, हे मला तोवर बरोबर कळायला लागलं होतं. हे महत्त्वाचं आहे. मला कळत नव्हतं असं पुढे मी बऱ्याच जणांना सांगितलं, नवऱ्यालासुद्धा. कळत होतं.

शेवटच्या फेरीत एकच पान भरायचं होतं. त्यातला मुख्य प्रश्न, 'घरातील स्त्रिया उपजीविकेसाठी खाडीवर जातात का?' पुढे तीन चौकोन. नियमित, कधीकधी, नाही. मी हिराबाईच्या घरी पोचले तर ओट्यावर पाहुणे बसले होते. तिच्या रमेशला तुर्भ्याच्या एका कंपनीत नोकरी लागली होती, पँट-शर्ट घालून तो कोपऱ्यात अवघडून उभा होता, आणि मुलीकडचे घर बघायला आले होते. मुलगी दहावी झालेली, बाप मास्तर. हिराबाई नवं लुगडं नेसून, हात घासून घासून लाल करून बसली होती. नखांतला चिखल तरी पुरता निघाला नव्हता. सकाळीच ती चिखलातून वर येताना मला वाटेत भेटली होती, डोक्यावर टोपली घेऊन.

मी उद्या येते म्हणायला हवं होतं. पण पानं संपवायची होती. मी पाहुण्यांसमोर, वही उघडून, तो प्रश्न वाचला.

हिराबाईने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मुलीच्या बापाकडे पाहत म्हणाली, "आता कोन जातंय गो खाडीव? ते मागं. आता पोर कमावता हाय." शेजारणीही होत्या तिथे. हिराबाईच्या मुलाचं लग्न जुळायचं होतं. त्यांनीही माना हलवल्या. पुढे ज्या ज्या घरात गेले तिथे तेच उत्तर माझ्याआधी पोचलेलं होतं. कोन जातंय आता.

नाही. नाही. नाही. माझी पानं एका दुपारी संपली. चौकोनात फुली मारताना पेनाचा आवाज होत होता तो अजून आठवतो. आम्हाला शिकवलेलं होतं की उत्तर देणारा जे म्हणतो तेच नोंदवायचं, आपलं त्यात मिसळायचं नाही. मी काहीच मिसळलं नाही. माझ्या इतर वह्यांत चिखल होता, चिंबोऱ्या होत्या, सुकतीच्या वेळा होत्या, शेंदराचा दगड होता. त्या वह्या मी सरांना दिल्या तेव्हा ते म्हणाले, "हे सुंदर आहे, पण हे साहित्य झालं. मला तक्ता दे." आणि मग, झोळीतून परदेशी तिकिटांचं पाकीट काढून, "पुढच्या उन्हाळ्यात मी परत जातोय माझ्या गावी. एका विद्यार्थ्याची जागा आहे. तुझं नाव घालतो."

मी तक्ता दिला.

अहवाल छापून आला, हिरव्या पुठ्ठ्याचा. सारसोळ्याच्या पानावर लिहिलं होतं की खाडीवरचं पारंपरिक अवलंबन आता उरलेलं नाही. काही महिन्यांनी वाळवणीच्या जागेवर आणि उतरायच्या वाटेवर भराव घालायची नोटीस लागली, आणि गावाने हरकत घेतली म्हणून गावातल्याच मराठी शाळेच्या एका वर्गात सुनावणी ठेवली गेली. सरांना बोलावलं होतं. सरांनी मला बरोबर घेतलं.

दुपारची वेळ होती. लहान मुलांच्या बाकांवर बायका गुडघे वर घेऊन बसल्या होत्या. फळ्यावर कुणीतरी पुसायचा राहिलेला बाराचा पाढा. सकाळच्या मासळीचा वास वर्गात कोंडला होता आणि सुनावणी घ्यायला आलेल्या साहेबांनी खिडकी उघडायला सांगितली. साहेब वाईट माणूस नव्हते, कंटाळलेले होते. त्यांनी हिरवा पुठ्ठा उघडून ते वाक्य वाचून दाखवलं.

हिराबाई उभी राहिली. "यो कागद खोटा हाय. आमी जाताव खाडीव. आमच्या सासवा जायच्या, आमी जाताव. आज पन गेलो."

"पण बाई, तुम्हीच सांगितलंय ना? तुमच्याच गावातून माहिती आली आहे."

"पावनं बसलेले तवा बोललो आसंन," ती म्हणाली. वर्गात थोडं हसू झालं. ती हसली नाही. तिने माझ्याकडे बोट केलं. "ती पोर बसलीय ना, तिला इचारा. ती आलेली आमच्याबरोबर चिखलात. तिनं बघितलाय. ती लिवते सगला."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्ही केलंय का हे काम?" मला आयुष्यात कुणी पहिल्यांदा मॅडम म्हटलं ते तिथे.

सर माझ्याकडे बघत नव्हते. ते झोळीचा गोंडा बोटाभोवती गुंडाळत होते. मी उठले. आवाज स्वच्छ निघाला, तोंडी परीक्षेत निघतो तसा.

"उत्तरं जशी मिळाली, तशीच नोंदवली आहेत," मी म्हणाले.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. साहेबांनी मान डोलावून काहीतरी लिहून घेतलं. सरांनी गोंडा सोडला. मी बसले.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. भराव पडला. ट्रकमागून ट्रक लाल माती ओतत राहिले, बांबू निघाले, शेंदराचा दगड कुणी उचलून देवळाच्या भिंतीशी नेऊन ठेवला. बायका मग लांबून, गटाराच्या बाजूने उतरायला लागल्या, नंतर त्यातल्या काही धुण्याभांड्याला आमच्याच बिल्डिंगमध्ये यायला लागल्या. एम. ए.ला माझा पहिला वर्ग आला.

आणि मी ग्वाटेमालाला गेले. धुकं स्लाइडमध्ये होतं तसंच होतं. सरांच्या गावात सर मला घरोघरी चुली दाखवत फिरले. एका घरात लाल-निळा झंपर घातलेली बाई होती, तिच्या चुलीवर स्वच्छ भांडं ठेवलं होतं, पाणी कोमट होत होतं. परसातून धूर येत होता. दुभाष्याने तिला विचारलं, चूल कशी आहे? तिने आधी माझ्या पायातल्या बुटांकडे पाहिलं, मग सरांच्या आनंदी चेहऱ्याकडे, आणि दोनच शब्द बोलली. दुभाषा काय सांगणार हे मला ठाऊक होतं. ती भाषा मला सारसोळ्यात शिकवून झाली होती. मी वही उघडली आणि लिहिलं की चूल स्वीकारली गेली आहे. त्यानंतर तीस वर्षं मी हेच काम केलं, धरणांसाठी, रस्त्यांसाठी, कुणाकुणासाठी. माझे अहवाल चांगले असतात. वेळेत असतात.

हिराबाईशी माझं शेवटचं बोलणं सुनावणीच्याच दिवशी झालं, शाळेच्या पायऱ्यांवर.

सरांना साहेबांनी गाडीत घेतलं. गाडीत एकच जागा होती आणि माझं घर चालत पंधरा मिनिटांवर, म्हणून मी मागे राहिले. बायका वर्गातून बाहेर पडल्या आणि माझ्या दोन्ही बाजूंनी, पाण्याने दगड टाळावा तशा, निघून गेल्या. चपलांचा आवाज तेवढा. हिराबाई सगळ्यांत मागून आली. ती शिव्या देईल असं मला वाटलं. तिच्या शिव्या मी जमवलेल्या होत्या, वहीत वेगळं पान होतं. मला त्या हव्याच होत्या. शिव्या खाऊन मी घरी गेले असते, रडले असते आणि हलकी झाले असते.

ती माझ्या खालच्या पायरीवर थांबली, त्यामुळे आमचे डोळे एका उंचीवर आले. तिने कंबरेच्या पिशवीतून एक पत्रिका काढली. हळदीचं बोट लावलेली, गणपतीची.

"रमेशचा लगीन ठरला. तुना द्यायची र्‍हायली," ती म्हणाली. मी पत्रिका घेतली. ती गेली नाही.

"पावन्यांसमोर मी खोटा बोलली," हिराबाई म्हणाली. तिचा आवाज पहिल्यांदाच इतका हळू होता. "माज्या पोरासाठी बोलली. तू कोनासाठी बोललीस गो?"

टोमणा नव्हता तो. मी तिचा चेहरा ओळखत होते. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. तिने विचारलं आणि ती थांबली. मी तिच्या ओट्यावर वही घेऊन थांबायचे, तशीच. घाई न करता, माझ्या तोंडाकडे बघत. मागे वर्गात कुणीतरी खिडक्या लावत होतं. एक लागली, दुसरी लागली.

"माझी बस येईल आता," मी म्हणाले, आणि पायऱ्या उतरले.